दोन बोटं जास्त

सातव्या बोल्टपाशी मी पडले.
तीन दिवसांत अकरा वेळा.
समुद्रात तोंड खुपसून बसलेली ती कोकणातली गुहा,
छत असं कललेलं की चढताना
पोट दगडाला आणि पाठ पाण्याला.
लाट आत यायची, भिंतीला थापटून परत जायची.
दोराच्या दुसऱ्या टोकाला नायना.

लक्ष्मीपती जॉबर. साखर पेठेत
चाळीस वर्षं लोकांचे माग दुरुस्त केलेला माणूस.
समुद्र पहिल्यांदा बघत होता,
म्हणजे बघतच नव्हता, नजर दोरावर.
ताण किती, ढील किती, हे त्याला शिकवावं लागलं नाही.
शेडभर खडखडाटात एक धागा तुटला
तर हा माणूस ताटावरून उठायचा.

तिसऱ्या दिवशी म्हणाला,
"तू ये खाली. मी जातो वर."
गुडघा सुजलेला. आम्ही चौघांनी ओढला त्याला,
सुताचं बाचकं माळ्यावर चढवावं तसा.
बोल्टला लटकून खिशातून काढली कांडी,
लाल सूत, चादरीच्या काठाचं.
या खोबणीपासून त्या खोबणीपर्यंत एक गाठ.
दगड ओला असेल तिथं दोन.
नुसतं नख मावतं तिथं
सूत तोंडात ओलं करून, पिळून, बारकी.
मग बोल्टला नाक लावून हुंगलं.
"मिठानं खाल्लंय ह्येला. बदलायला सांग."

गाडीत रात्रभर कांडी मुठीत.
सोलापूर स्टेशनला उतरलो तेव्हा
अख्खी गुहा त्याच्या शर्टाच्या खिशात.

आमचे चार माग भंगारात गेलेले,
फरशीवर त्यांच्या जागी तेलाचे चौकोन.
तिथून थेट पत्र्याच्या कैचीपर्यंत प्लायवूड टेकवलं,
सूत ताणलं, गाठ तिथं खूण.
होल्ड काही जुन्या धोट्यांच्या लाकडाचे,
काही हिप्परग्याकडच्या खाणीतले, तासलेले, काळे.
"दगड त्योच की.
तिथं पाण्यात संपला, हितं उन्हात."

एप्रिल. पहाटे चारला चढायचं,
आठनंतर पत्रा पेटतो.
तिथं ओल बोटं सोडवायची, इथं माझाच घाम.
लाटेचं काम शेजारच्या मागांकडं,
खटॅक फटॅक, खटॅक फटॅक.
आई खाली विड्या वळायची,
मान वर न करता दोन्ही मोजायची:
हजाराला किती कमी, आणि मी किती वेळा पडले.

सातव्या गाठीपुढचा हात पोचेना.
मे गेला. जून गेला.
"नायना, एवढं लांब नव्हतं ते."
"सूत खोटं बोलत न्हाई."
चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
श्रावणात पोचला, एकदाच.
दिवाळीपर्यंत दहातून सहादा.

डिसेंबरात परत गेलो. बोल्ट नवा, चकचकीत.
मी श्वास सोडला, हात फेकला,
आणि हात होल्डच्या पुढं गेला.
होल्ड मनगटाखाली,
दोन बोटं अलीकडं.
कोपर फुटलं, पण मी राहिले.
लोंबकळत, वेड्यासारखी हसत.

"नायना! माप चुकलं तुमचं!"

लाट परत जाईपर्यंत तो थांबला.
मग खालून, सावकाश:
"चुकलं न्हाई. कापड पाण्यात आटतंय.
तेवढं धरूनच विणायचं असतंय."

आणि मी मागायच्या आत
दोर वीतभर ढिला झाला.

नवव्या बोल्टपाशी पडले.
फिरत फिरत खाली आले, मीठ कोपरात चरचरत,
त्यानं दोर सोडवला, जखमेकडं बघितलंसुद्धा नाही.
खिशात हात घातला.
या वेळची कांडी हिरवी होती.